झाकणातली माझी जागा

उठून तुमचं स्वागत केलं असतं, पण मला कमरेखाली काहीच नाही. मी रणगाड्याचा कमांडर बोलतोय. खऱ्या लढाईतल्या नव्हे हो, रिमोटवर चालणाऱ्या, मांजराएवढ्या रणगाड्याचा. त्याच्या तोफेच्या फिरत्या बुरुजावर एक गोल झाकण आहे. त्यातून छातीपर्यंत बाहेर यायचं आणि रुबाबात पुढे बघायचं, एवढंच माझं काम. दिसणारच नाहीत ते पाय करायचे कशाला, असा विचार कारखान्याने केला असावा.

मला रंगवलं ते मोचिझुकींनी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या एका गल्लीत त्यांचं सलून आहे. वस्तरा धरणारा हात, त्यामुळे ब्रश कधी थरथरला नाही. माझी कमांडरची टोपी, मिशा, कॉलर, बटणं त्यांनी श्वास रोखून रंगवली. त्यांची बायको किनुए म्हणायची, "अहो, गिऱ्हाइकाची दाढी कधी एवढ्या प्रेमाने केलीत का?" मी मनातल्या मनात फुगायचो.

सोमवारी सलूनला सुट्टी. पलीकडच्या गल्लीतले सुगियामा, तेही सलूनवालेच, आपला रणगाडा बगलेत मारून यायचे आणि अंगणात लढाई जुंपायची. मोचिझुकी माझ्या मागोमाग वाकून चालत आणि विचारत, "काय कमांडर, डावीकडून जाऊ?" उत्तर मला कुठलं देता येणार? पण विचारत होते, यातच मला सगळं मिळालं होतं.

मग तो उपटसुंभ आला. बिनतारी कॅमेरा. काडेपेटीत मावेल एवढा, मागे शेपटीसारखी एरियल. त्याने बघायचं आणि चित्र घरातल्या टीव्हीवर उमटायचं. मोचिझुकींनी तो इथेतिथे लावून पाहिला आणि शेवटी म्हणाले, "कमांडरच्याच जागेवरून बघायला हवं, तरच मजा!" आणि मला चिमटीत धरून उपटलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत, तरी गेली.

फळीवर, रंगाच्या बाटलीच्या झाकणात मला उभं केलं. तिथून टीव्ही दिसायचा आणि खिडकीतून अंगणही. मालक आता अंगणात येतच नसत. खाली शेगडी बसवलेल्या बुटक्या टेबलाच्या उबेत पाय घालून, शेजारी संत्र्यांची टोपली ठेवून टीव्हीत बघत रणगाडा चालवायचे. "काय झकास दिसतंय गं! मीच आत बसल्यासारखं वाटतं!"

मी जळलो. सरळच सांगतो. त्या कॅमेऱ्याला चेहरा नाही, मिशा नाहीत, हुद्दा नाही. त्याला फक्त दिसतं. माझे डोळे रंगाचे, मी पाहिलेलं मालकांना कधी दाखवता आलं नाही. खरं दुखणं तेच होतं.

किनुएबाईंनी मायक्रोवेव्ह लावला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. "अगं, बंद कर ते!" मालक ओरडायचे. "मग भात गारच खा," बाई म्हणायच्या. त्या बाईंना मी मनोमन बढती देऊन टाकली.

एका सोमवारी सुगियामा अंगणात आपला रणगाडा घेऊन उभे होते. मालक आतून ओरडले, "बघच आता, खोलीत बसून तुला हरवतो!" त्यांनी बुरूज उजवीकडे वळवला. टीव्हीत सुगियामांचा रणगाडा अगदी समोर आला. "सापडला!" म्हणत त्यांनी रणगाडा पुढे दामटला. पण वळला होता फक्त बुरूज. रणगाडा निघाला आपल्या नाकासमोर, आणि नाकासमोर होतं जमिनीत पुरलेलं सोनमाशांचं टाकं. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. ओरडता आलं असतं तरी मी ओरडलो नसतो.

टीव्हीवर एक लालबुंद मासा आला आणि अंधार झाला.

"अरे मोचिझुकी," सुगियामा पोट धरून हसत होते, "रणगाडा घेतलास की पाणबुडी?"

मालकांनी सलूनमधला ड्रायर आणून कॅमेरा वाळवला. दिवसभर वाळवला. आणि मेला वाचला!

"अहो, पण त्या चित्रात गाडीचं नाक कुठे दिसतं?" किनुएबाई म्हणाल्या. "ती कुठे चाललीय हे कळणार कसं?"

 मालकांची नजर फळीवर गेली. त्यांनी मला उचललं आणि रणगाड्याच्या अगदी पुढे, ड्रायव्हरच्या झाकणात बसवलं. म्हणजे कमांडरचा ड्रायव्हर झालो. आणि माझ्या वरच्या जागेवर, माझ्या पाठीकडे बघत तो बसला.

पुढच्या सोमवारी सुगियामा टीव्हीसमोर बसले. "कॅमेरा भारी आहे रे. पण मधे हे टोपीवालं डोकं कशाला? काढून टाक."

माझा रंग उडायचाच बाकी होता.

"त्याला हात लावायचा नाही," मालक म्हणाले. "तो समोर दिसतोय म्हणजे बुरूज गाडीच्या नाकाकडेच वळलाय. तो दिसला नाही, तर मी जागचा हलत नाही."

"बरं बाबा. पण ड्रायव्हरच्या डोक्यावर कमांडरची टोपी? बदल तेवढी."

"हो, ते मात्र बदलायला हवं," मालक म्हणाले. तेव्हापासून ब्रश धुतल्याचा वास आला की मला धडकी भरते.

वाचकहो, कधी त्या सलूनमध्ये केस कापायला बसलात, तर माझ्यासाठी एवढा निरोप द्या. जागा घेतलीत ती घेतलीत, हुद्दा तेवढा राहू द्या. टीव्ही लागला की मालक अजूनही आधी मलाच शोधतात. मग त्या मेल्याने त्यांना अख्खं जग दाखवलं तरी माझी हरकत नाही.

आहे. हरकत आहे. खोटं कशाला बोलू?