मुठीत साखर नव्हती

मित्रांनो, मी एक जुना पितळी सांगाडा आहे, नुसत्या तारा नि बारीक स्क्रू. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरातल्या एका प्रयोगशाळेत जिन्याखाली उभा असतो. यीस्टच्या पेशीत साखर फोडायला मदत करणारं एक विकर असतं, म्हणजे काम घडवून आणणारं प्रथिन. त्याचं मी कोट्यवधी पट मोठं रूप. तसली विकरं नसती तर पाव फुगला नसता आणि बिअरला फेस आला नसता.

मला विबेके राव्नने घडवलं. तिने त्या विकराचे स्फटिक क्षाराच्या दाट पाण्यात वाढवले आणि त्यांतून क्ष-किरण पाठवले. फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांचा हिशेब करून तिने पारदर्शक तावांवर नकाशे काढले. अर्धवट पारा चढवलेल्या आरशात ते नकाशे आणि मी एकाच जागी दिसायचो. रेषा जिथे दाट, तिथे ती माझी तार वाकवायची. सगळा हिवाळा त्यात गेला.

माझे दोन भाग आहेत, मध्ये खाच. साखर आत आली की खरं विकर मुठीसारखं मिटतं. नकाशा अजून धूसर होता, पण त्या खाचेत एक गोळा दिसत होता. स्फटिकांच्या पाण्यात विबेकेने साखर घातली होतीच.

"साखरच ती! दुसरं काय असणार?" प्रोफेसर आक्सेल थोरुप म्हणाले, आणि माझ्या मुठीत एक लाल लाकडी तुकडा बसला.

मग काय विचारता! पाहुणे आले, फोटो निघाले, एका पाठ्यपुस्तकात माझं चित्र छापलं. मला वाटू लागलं, साखर जणू मीच पकडली. एब्बे स्कोव तर माझं चित्र पाहून कोपनहेगनची नोकरी सोडून आला. माझ्या कुठल्या भागाने साखर धरली आहे, ते त्याला शोधायचं होतं. त्याचं सगळं काम त्या लाल तुकड्यावर उभं होतं.

नंतर तुलनेसाठी म्हणून विबेकेने साखर न घालता स्फटिक वाढवले. नकाशा काढला. गोळा तिथेच! म्हणजे ती साखर नव्हती. ज्या पाण्यात स्फटिक वाढले त्यातलाच क्षार माझ्या मुठीत शिरून बसला होता.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्या हातून घोटाळा होतो त्याने शुक्रवारी केक आणायचा, आणि सुरी लावण्याआधी घोटाळा स्वतःच्या तोंडाने सांगायचा. त्या शुक्रवारी विबेके सफरचंदाचा केक घेऊन आली.

"काय फोडलंस गं?" एब्बेने विचारलं. "केक मोठा दिसतोय, म्हणजे काहीतरी महागाचं!"

"शीतखोलीचं दार उघडं राहिलं माझ्याकडून."

"एवढंच? असं असेल तर मी बेकरीच काढायला हवी!"

सगळे हसले आणि केक कापला गेला. मी तिथेच उभा होतो, मुठीत तो लाल तुकडा मिरवत. लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

एब्बे खात खात बोलत होता. "बायकोला सांगून टाकलंय, आता दोन वर्षं मी ह्या साखरेचा. मला विसर म्हटलं."

विबेकेने बशी खाली ठेवली.

"एब्बे, हा केक दाराचा नाही. तिथे साखर नाहीये. क्षार आहे. साखर न घालता स्फटिक वाढवले, तरी गोळा तिथेच."



"कधी कळलं तुला?" एब्बेने विचारलं.

"सोमवारी."

"काल दिवसभर मी तुझ्यासमोर बडबडत होतो. आणि तू मान डोलावत होतीस!"

"हो," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

थोरुप म्हणाले, "साखरेशिवायचा स्फटिक आधी तपास, हे मी सांगायला हवं होतं. मला छापायची घाई होती. विबेके, पुढच्या शुक्रवारचा केक माझा."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. एब्बेने स्क्रू काढून लाल तुकडा बाहेर घेतला आणि तिच्या बशीशेजारी ठेवला. चूक जाहीर करणारी टिपणी छापून आली, पण पुष्कळ दिवस तो तिच्या टेबलाशी कॉफीला बसला नाही.

खरी साखर पुढे त्या दोघांनीच शोधली, खाचेत बरीच आत. ते चित्र संगणकावर काढलं गेलं, पितळेत ते कुणी बांधलं नाही. माझी मूठ रिकामीच राहिली.

आता शाळेतली मुलं मला बघायला येतात. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी तुम्हाला छातीठोकपणे काही दाखवलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा: हे तसं नसतं, तर वेगळं काय दिसलं असतं? माझ्यासमोर उभं राहून कुणी ते विचारलं नाही. मला तोंड असतं तरी मी विचारलं नसतं. कौतुक मला फार आवडत होतं.