तैस्तोच्या सीडीतली पाखरं

तैस्तोने सत्तावीस वर्षं बोटीच्या इंजिनघरात काढली. तुर्कू ते स्टॉकहोम, स्टॉकहोम ते तुर्कू, आणि मधला सगळा वेळ पायाखाली धडधड. ड्यूटी संपली की तो आपल्या खोलीत येऊन बिछान्यावर आडवा व्हायचा आणि उशाशी ठेवलेल्या टेपवर पियानोची एक कॅसेट लावायचा. वाजवणारी बाई होती ऑने केत्तुला. शूबर्टच्या एका सोनाटाचा संथ भाग ती इतक्या सावकाश वाजवायची, की दोन सुरांच्या मध्ये माणसाला एखादी डुलकी लागावी. ती कॅसेट झिजून तुटली, तेव्हा तैस्तोने त्याच वादनाची सीडी शोधून काढली.

निवृत्त झाल्यावर तो वाचनालयातल्या श्रोत्यांच्या मंडळात जाऊ लागला. एक गुरुवार सोडून एक, दुपारी तीन वाजता, संगीत विभागामागच्या खोलीत सात-आठ जण जमत. सगळे सत्तरीच्या आगेमागे. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीची एक सीडी आणायची, ती का आवडते ते सांगायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ऐकवायची. मग बाकीच्यांनी कॉफी पीत आपापलं मत द्यायचं, आणि कुणाला हवी असेल त्याने ती घरी न्यायची. इर्मेली सगळं वहीत टिपून ठेवायची. तिचा जन्म औषधाच्या दुकानात गेला होता. ‘तैस्तो: संथ, पण लांबलं’ असं ती लिहायची, तेसुद्धा बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तितकं नीट.

मंडळात सगळ्यांना धाक होता तो ओलावीचा. तो शाळेत लॅटिन शिकवायचा. मुलांच्या वह्या तपासणं बंद झालं, तरी तांबडी शाई काही त्याच्या अंगातून गेली नव्हती. कुणी मोठ्या कौतुकाने सीडी आणली की ओलावी डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, “व्हायोलिन वाजवतोय की दात कोरतोय?” एकदा एक बाई रडत घरी गेली होती. पुढच्या वेळी ती परत आली, म्हणून ओलावीने तिच्यासाठी दालचिनीचा पाव आणला. पण शब्द काही मागे घेतला नाही.

नऊ वर्षांत तैस्तोने ऑने केत्तुला चार वेळा आणली. दर वेळी तो तेच सांगायचा. “बाकी काही नका बघू, ही शांतता ऐका. पियानो आणि ती, तिसरं कुणी नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल.” मग सीडी लागायची. सगळे गप्प बसून ऐकायचे. संपल्यावर इर्मेली म्हणायची, “छान वाजवते.” आणि ओलावी म्हणायचा, “हं.” ओलावीकडून ‘हं’ मिळणं म्हणजे पदक मिळाल्यासारखंच होतं. तैस्तो त्या दिवशी बसने न जाता नदीकाठाने चालत घरी जायचा.

ऑक्टोबरात त्याची मुलगी मेर्या हेलसिंकीहून आली, ती दारातूनच करवादत.

“बाबा, चार वेळा घंटा वाजवली मी!”

“मग पाचव्यांदा वाजवायचीस.”

“खालच्या मजल्यावरची बाई भेटली जिन्यात. म्हणाली, तिला बातम्यांसाठी स्वतःचा टीव्ही लावावाच लागत नाही. उद्या कान दाखवायला जायचंय. मी वेळ घेऊन ठेवलीये.”

“मला सगळं ऐकू येतं.”

“मी आत्ता काय म्हणाले?”

“उद्या पाव आणायचाय,” तैस्तो म्हणाला.

कान तपासणाऱ्या बाईने त्याला एका छोट्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. नंतर कागदावरचा आलेख दाखवला. रेघ डावीकडून बरी सरळ चालत आली होती आणि मध्यापासून धक्क्यावरून पाण्यात पडावी तशी खाली गेली होती.

“खालचे सूर तुम्हाला चांगले ऐकू येतात,” ती म्हणाली. “वरचे जवळजवळ नाहीतच.”

“कधीपासून?”

“इंजिनावर होतात ना? वीस वर्षं तरी झाली असतील. कदाचित तीस.”

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन्ही कानांत यंत्रं बसली. घरी आल्यावर तैस्तोला वाटलं, फ्रिज बिघडला. त्याने तो भिंतीपासून ओढून मागून तपासला; फ्रिज ठीक होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कुणी काच फोडतंय असं वाटलं. लघवीला गेला तर तो आवाज ऐकून त्याने घरात एकटा असूनही दार लावून घेतलं. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी जरा सरावल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने कॉफी करून घेतली, खुर्ची नीट मधोमध ठेवली आणि ऑने केत्तुला लावली.

पियानो सुरू होण्याआधीच काहीतरी सुरू झालं. मंद आचेवर काही तळत ठेवावं तशी सरसर. ती थांबेचना. मग पहिले सूर आले आणि त्यांच्याबरोबर दर वेळी एक बारीक ‘कुईं’. बाई पायाने पेडल दाबत होती आणि ते करकरत होतं. तैस्तोच्या मनात पहिला विचार आला तो वंगणाचा. आणि मग पाखरं बोलायला लागली. एक नव्हे, चांगली पाच-सात, जीव तोडून भांडत होती. तो उठून खिडकीशी गेला. बाहेर नोव्हेंबरची दुपार होती, झाडं उघडी, पाखराचा पत्ता नाही. त्याने सीडी थांबवली. पाखरं थांबली. पुन्हा लावली, तर तीही पुन्हा लागली.

त्याने कानवाल्या बाईला फोन केला. “यंत्रात दोष आहे. पाखरं ऐकू येतात.”

“अरे वा!” ती म्हणाली.

मग त्याला वाटलं, सीडीच खराब झाली असेल. तो वाचनालयात गेला, तिथली प्रत आणली. तिच्यातही तीच सरसर, तेच कुईं, तीच पाखरं. तेव्हा कुठे त्याने चष्मा लावून आतल्या पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचली. वादन एका खेड्यातल्या लाकडी चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. जुलै महिन्यात.

बोटीवर खाली इंजिन धडधडत होतं, त्यात सरसर काय ऐकू येणार? आणि घरी येईपर्यंत कान गेले होते. म्हणजे हे वादन त्याने कधी धड ऐकलंच नव्हतं. पण त्याला लागलं ते वेगळंच. त्याला खोलीतले चेहरे आठवले. ‘शांतता ऐका’ असं तो म्हणाला की इर्मेली वहीत बघायची. एकदा कुणीतरी खोकला आला म्हणून बाहेर गेलं होतं. तो खोकला खोकलाच होता का? आणि ओलावी, जो बाईमाणसाला रडवतो, तो चार वेळा नुसता ‘हं’ म्हणाला.

पुढच्या दोन बैठकांना तो गेला नाही. इर्मेलीने फोन केला.

“बरं नाही का रे?”

“बरा आहे.”

“मग?”

“कान आलेत,” तैस्तो म्हणाला आणि फोन ठेवला.

डिसेंबरातल्या बैठकीला पाळी दुसऱ्या कुणाची तरी होती. तैस्तो आला, कोट न काढता सरळ यंत्रापाशी गेला आणि सीडी आत घातली. सरसर सुरू झाली, मग सूर, मग कुईं, मग पाखरं. तीन-चार मिनिटं झाल्यावर त्याने ते बंद केलं.

“पाखरं कुणाकुणाला ऐकू आली?”

इर्मेलीने हात अर्धवट वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी केले, शाळेत करावेत तसे. ओलावीने केला नाही.

“तुला नाही आली?”

“माझे कान शाबूत आहेत,” ओलावी म्हणाला. “हात वर करायची सवय नाही मला.”

“मग बोलला का नाहीस? इर्मेलीचं मी समजू शकतो. पण तू? तू दुसऱ्याच्या लग्नातही नवरीचा झगा आखूड आहे म्हणून सांगशील.”

“बोलणार होतो. पहिल्याच वेळी. इर्मेलीने टेबलाखालून लाथ मारली.”

“मारली होती,” इर्मेली म्हणाली. “पुन्हा मारेन.”

“आणि पुढच्या तीन वेळा?”

ओलावीने कप बशीत ठेवला. “काय सांगायचं होतं, तैस्तो? तू ज्याला शांतता म्हणतोस त्यात पाखरं ओरडतायत, असं? तुला ती ऐकू येणार नव्हती. मी सांगितलं असतं म्हणून ती ऐकू आली नसती. फक्त शांतता तेवढी गेली असती.”

“म्हणजे कीव केलीस माझी.”

“केली,” ओलावी म्हणाला. “आयुष्यात एकदाच केली, आणि तीसुद्धा धड जमली नाही.”

कुणीतरी हसलं. तैस्तो हसला नाही. त्याने सीडी काढून खिशात घातली, पण गेला नाही. मागच्या खुर्चीवर बसला, आणि ज्याची पाळी होती त्याची सीडी शेवटपर्यंत ऐकली. ओलावीशी मात्र एक शब्द बोलला नाही. निघताना त्याने इर्मेलीकडे हात पुढे केला.

“वही दे.”

“कुठली?”

“सगळी. नऊ वर्षांची.”

ती देईना. तिच्या लेखी ती मंडळाची होती, कुणा एकाची नव्हे. शेवटी पंधरा दिवसांच्या बोलीवर तिने दिली.

ऑने केत्तुलाचं म्हणाल तर ती त्याला परत मिळाली नाही. कानवाल्या बाईने यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय करून दिली, त्यामुळे यंत्रांतून पत्र्यासारखा वाजणारा पियानोचा आवाज बराच सुधारला. पण पाखरं होतीच. यंत्रं काढून ऐकलं तर सगळं पूर्वीसारखं शांत, पण आता पाखरं तिथे आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि तो सबंध वेळ त्यांचीच वाट बघत बसायचा. त्याने सीडी फळीवर ठेवून दिली. त्याचा फार गाजावाजा केला नाही, मेर्यालाही सांगितलं नाही.

वही मात्र त्याने पहिल्या पानापासून वाचली. आपण काय काय बोललो होतो हे वाचून त्याची कानशिलं तापली. बासऱ्यांबद्दल: ‘यात काही नाही.’ व्हायोलिनबद्दल: ‘वरचा मजला बांधलाच नाही.’ लोकांनी मनापासून आणलेल्या सीड्या, आणि हा तिथे बसून, अर्धी वाद्यं ऐकू येत नसताना, त्यांना नापास करत होता. ओलावी निदान ऐकून तरी नापास करायचा. तैस्तोने कागदावर यादी केली आणि वाचनालयातून एकेक सीडी आणायला लागला. रोज सकाळी एक. काही खरंच वाईट होत्या, त्याने त्यांच्यापुढे फुली मारली. बऱ्याच नव्हत्या.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, बैठक नसलेल्या, त्याने इर्मेलीला फोन लावला.

“सात वर्षांपूर्वी तू एका गाणाऱ्या बाईची सीडी आणली होतीस. मी म्हणालो होतो, ही नुसतं तोंड उघडते.”

“आठवतंय. त्या दिवशी घरी येऊन मी बटाटे करपवले होते.”

“ती गाते, इर्मेली.”

“हो,” इर्मेली म्हणाली. “गाते.”

इर्मेलीच्या स्वयंपाकघरात घड्याळ टिकटिकत होतं, ते त्याला फोनमधून ऐकू येत होतं.

“तिच्या आणखी आहेत का तुझ्याकडे?”

“चार आहेत. येतोस का?”

“आत्ता?”

“मग काय उन्हाळ्यात? वाटाण्याचं सूप केलंय, दोघांना पुरेल. आणि हे बघ, ओलावी येणार आहे बारा वाजता. त्याला मी हाकलणार नाही.”

तैस्तोने थोडा विचार केला. मग म्हणाला, “सूपात घालायला मोहरीची चटणी आहे का घरात, की आणू?”

तो मोहरीच्या चटणीची बाटली घेऊन गेला. ओलावी आधीच येऊन बसला होता. त्याने सरकून जागा दिली. जेवण झाल्यावर चारही सीड्या झाल्या. तीन तैस्तोला आवडल्या. चौथी आवडली नाही, आणि ती का आवडली नाही यावरून तो आणि ओलावी अंधार पडेपर्यंत भांडत बसले.