कुऱ्हाड उचलली आणि

मित्रांनो, एक काम करा. उभे राहा. उजवा हात डोक्याच्या वर न्या, जणू हातात जड कुऱ्हाड आहे. आता तसेच थांबा. हात भरून आला? अजून थांबा. कुणीतरी येईल आणि 'हात खाली घे' म्हणेल, त्याची वाट बघा.

मी अशी वाट नऊ वर्षे पाहिली. तुम्हाला दोन मिनिटेही जमली नसतील, तेव्हा माझ्या तिखट बोलण्याचा राग मानू नका.

मी एक जुने पात्र आहे. पाणी प्यायचे नव्हे, गोष्टीतले. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे माणसे जमून एकच मोठी अद्भुत गोष्ट लिहितात. तिथे चित्रे नाहीत, गुण नाहीत, कुणी जिंकत नाही. प्रत्येकाचे एक पात्र असते. एकाने आपल्या पात्राचे दोन-चार ओळींत लिहायचे आणि थांबायचे. मग दुसऱ्याने पुढे न्यायचे. पहिल्या पानावर लाल अक्षरांत नियम आहे: दुसऱ्याच्या पात्राचे बोटसुद्धा हलवायचे नाही. 'मी तलवार उगारली' असे लिहिता येते. 'तुला ती लागली' असे लिहिता येत नाही. लागली की नाही, ते तो सांगेल. आणि एकदा लिहिलेले पुसायचे नाही.

मला जिने घडवले, ती तेव्हा तेरा वर्षांची मुलगी होती. आज तिला तिची भाची मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते. त्या वर्षी जिन्यावरून पडून तिचा घोटा मोडला होता. पाय प्लास्टरमध्ये, शाळा बंद, आणि चपलांच्या मांडणीशेजारी वडिलांचा जुना कॉम्प्युटर. तिने माझा फॉर्म भरला. 'नाव: पूलराखीण. वय: साठ. पाय: डावा लंगडा. स्वभाव: वाईट.' झाले! एवढ्यावर मी जन्माला आले. लाड वगैरे काही नाही.

पण काम मात्र तिने मला झकास दिले. खोल दरीवर एक दोरखंडाचा पूल, आणि त्याच्या टोकाला मी, लंगडत. माझी जकात पैशात नव्हती. पूल ओलांडायचा तर एक खरी गोष्ट सांगायची, आजवर कुणाला न सांगितलेली. मोठमोठे सरदार माझ्यापुढे घाम पुसत. दोन तलवारी बाळगणारा एक जण म्हणाला, "मला कोंबडीची भीती वाटते." एका वैद्याने कबूल केले की रक्त पाहिले की त्याला चक्कर येते. मी सगळ्यांना टोचून बोलत असे आणि सगळे मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याच पुलावर येत. मित्रांनो, कौतुक गोडच बोलून होते असे नाही. लोक शिव्या खायला रांग लावतात तेव्हाही ते कौतुकच असते.

अशी दोन वर्षे गेली. मग तो दिवस आला.

गोष्टीत लढाई पेटली होती. शत्रूची फौज दरीच्या पलीकडे येऊन ठेपली. आमच्यातला लोहार सगळ्यांत शेवटी निघाला, पाठीत बाण घेऊन. तो अलीकडे पोचला की मी दोर तोडायचा, असे ठरले होते. तो पुलाच्या मध्यावर आला आणि मी जकात मागितली. लोहाराने, म्हणजे त्याला लिहिणाऱ्या माणसाने, लिहिले: "खरी गोष्ट हवी? तर ऐक, म्हातारे. तुझी ही जकातीची गंमत आता कंटाळवाणी झाली आहे."

मावशीच्या कानशिलांत रक्त चढलेले मी पाहिले. तिने खाडखाड लिहिले: 'पूलराखणीने कुऱ्हाड उचलली आणि'. तेवढ्यात कॉम्प्युटरच्या मागून जळका वास आला. लिहिलेले जाऊ नये म्हणून तिने घाईघाईने पाठवायचे बटण दाबले, आणि पडदा काळा झाला.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन यायला महिना लागला. तोवर एक्केचाळीस मेसेज येऊन पडले होते, आणि त्यात आशीर्वाद एकही नव्हता. तिने ते वाचले, कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा माझ्याकडे फिरकली नाही.

आता माझी दशा पाहा. माझा हात दुसऱ्या कुणी हलवायचा नाही, हा नियम. लिहिलेले पुसायचे नाही, हाही नियम. मी कुऱ्हाड उचललेली, लोहार मध्यावर लटकलेला आणि मध्ये एक 'आणि'. बाकीच्यांनी दरीला वळसा घालून नवा रस्ता काढला. जाता-येता ते माझ्या पुलावर लिहीत, 'इथे दगाबाज राहते.' एकाने तर 'इथे थुंकावे' अशी पाटीच लावली. दरवर्षी, मला कायमचे काढून टाकायचे का, यावर मत घेतले जाई; एकाचा जरी नकार आला तरी काढता येत नसे. दरवर्षी लोहार एकटा आडवा येई आणि तेच ते लिही: "काढायचं नाही. ती हात खाली आणते तेव्हा कुठे आणते, ते मला बघायचंय."

हे प्रेम नव्हते, मित्रांनो. कुत्रा हाड सोडत नाही ना, तसे होते. पण त्याच्या त्या रागावर मी नऊ वर्षे जगले.

मग भाची आली. वय वर्षे बारा, जिभेला हाड नाही. सुट्टीत मावशीकडे राहायला आलेली असताना तिला एका जुन्या वहीत माझा पासवर्ड सापडला.

"हे घेऊ मी?" तिने विचारले.

"घे की," मावशी तिच्याकडे न बघता म्हणाली. "मला काय ते उशाला घेऊन झोपायचंय?"

उशाला! जिने मला लंगडे केले, तिच्या तोंडचे हे शब्द!

गोष्टीतले पुसता येत नसले तरी फॉर्म बदलता येतो. भाचीने अर्ध्या तासात माझा कायापालट केला. वय सोळा. केस जांभळे. पाठीवर पंख. नाव 'चंद्रकन्या'. लंगडा पाय बरा. स्वभाव गोड. आणि पूर्वीचे? 'तिला पूर्वीचे काही आठवत नाही.' तुमच्या घरच्या आजीला न विचारता झगा चढवून नाचायला उभे केले, तर तिला कसे वाटेल? मला तस्सेच वाटले. त्या पंखांखाली माझी पाठ नुसती खाजत होती.

तिने मला नव्या रस्त्यावरच्या सरायीत उतरवले आणि लिहिले: 'चंद्रकन्या आत येताच सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.'

सर्वांनी! एका ओळीत तिने सतरा जणांचे हात हलवले. लाल अक्षरांतला पहिलाच नियम मोडला. पोळ्यावर दगड बसला.

"टाळ्या कुणी वाजवल्या? माझे हात माझ्याकडेच आहेत."

"थांबा, थांबा. हे खातं बघा कुणाचं आहे! ही तीच, पुलावरची!"

"अगं बाई, पंख फुटले? नऊ वर्षं पूल अडवून बसलात, आणि आता उडून चाललात होय!"

शेवटी लोहाराने लिहिले: "राजकन्येला नमस्कार. मी अजून पुलावरच आहे. पाठीत बाण आहे. सवड मिळाली की कळवा."

त्या जागेची देखभाल करणाऱ्याला सगळे मुकादम म्हणतात. त्याने निकाल दिला: "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पुलावरचं उत्तर आलं पाहिजे. नाहीतर पात्र कायमचं जाईल. आणि या वेळी मत घेणार नाही."

भाची दोन दिवस रुसून बसली. रविवारी दुपारी मात्र टॅब छातीशी धरून मावशीच्या मागोमाग तिच्या कामाच्या जागी गेली. मावशी दातांच्या कवळ्या बनवते. लहानशी खोली, गरम मेणाचा वास, फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. रविवार असूनही ती कामावर होती, कारण एका आजोबांची कवळी मधोमध तुटली होती आणि त्यांना सोमवारी लोकांपुढे बोलायचे होते.

"मावशी, ते सगळे मला टाकून बोलतायत."

"बोलणारच. त्यांचे हात हलवलेस तू."

"मला नियम माहीत नव्हता!"

"पहिल्याच पानावर आहे. लाल अक्षरांत."

"लाल अक्षरातलं कोण वाचतं?"

"म्हणूनच लाल असतं ते." मावशीने कवळीचे दोन तुकडे प्लास्टरच्या साच्यावरून उचलले.

"तू लिही ना. तुझंच पात्र आहे."

"माझं नाही. तुला दिलंय."

"मोडकं दिलंस!" भाची कडाडली. "लोक तुझ्यावर चिडलेत आणि शिव्या मी खातेय. तू पळून गेलीस म्हणून!"

माझ्या मनातले बोलली पोरगी. तिच्याबद्दल मला वाटलेला तो पहिला बरा विचार.

मावशीचा हात थांबला. "पळून नाही गेले. कॉम्प्युटर बिघडला होता. आधी एक महिना गेला. मग वाटलं, उद्या लिहीन. मग उद्याची लाज वाटायला लागली. तू कधी उशिरा गृहपाठ दिला नाहीस ना, तुला नाही कळायचं."

"मी दर आठवड्याला देते," भाची म्हणाली. "काय लिहिणार होतीस तू? कुऱ्हाड उचलली आणि? पुढे?"

मी कान टवकारले. नऊ वर्षांत मला हे कुणी सांगितले नव्हते.

"तोडणार होते दोर," मावशी म्हणाली.

"तो पोचल्यावर."

"तो मध्यावर असतानाच."

भाचीचे तोंड उघडेच राहिले. खरे सांगते, माझेही.

"माझ्या पुलाला कंटाळवाणा म्हणाला तो. मी पंधरा वर्षांची होते. राग आला. पडू दे म्हटलं दरीत. महिन्याने ते सगळे मेसेज वाचले, दगाबाज म्हणून. आणि म्हटलं, हे खोटं कुठे बोलतायत?" मावशीने फिरते चाक सुरू केले आणि तुटलेल्या तुकड्याची कड त्यावर धरली. गुलाबी भुकटी उडाली.

"अगं, आणखी काय तोडतेयस?"

"तोडत नाहीये. तडा घासतेय. हा असाच ठेवून वरून रंग थापला ना, तर दिसेल छान. आणि आजोबा पहिल्याच घासाला पुन्हा माझ्या दारात. आधी दोन्ही कडा स्वच्छ करायच्या, मग मध्ये नवीन भरायचं. तेव्हा धरतं." तिने फुंकर मारली. "आता बोलू नकोस, हात हलेल माझा."

मित्रांनो, म्हाताऱ्या पात्राची एक विनवणी ऐका. एखादी गोष्ट सोडावीशी वाटली तर खुशाल सोडा. पण सोडताना जो मध्यावर उभा आहे, त्याला सांगून जा. आणि दुसऱ्याचे जुने काही हाती आले, तर ते जरूर नवे करा. पण आधी त्याचा तडा कुठे आहे ते बघा. पंख नंतर लावता येतात.

साडेचार वाजले होते. भाचीने कोपऱ्यातले स्टूल ओढले. माझा फॉर्म उघडला, जुने नाव परत लिहिले, 'काही आठवत नाही' खोडले आणि पंख काढले. पाठ मोकळी झाली! डावा पाय पुन्हा लंगडा केला. वय साठ होते, त्यात नऊ मिळवून एकोणसत्तर केले. स्वभावापुढचे 'गोड' खोडून 'वाईट' लिहिले, आणि थोडा विचार करून पुढे जोडले, 'पण खरा'. जांभळे केस मात्र तिने ठेवले. हट्टी आहे. मला ते अजिबात शोभत नाहीत.

मग ती पुलावर आली आणि तिने मावशीच्या 'आणि'ला जोडून लिहिले:

'आणि तिचा हात नऊ वर्षे तसाच वर राहिला. ती म्हणाली, लोहारा, या पुलावर सगळ्यांनी जकात दिली, मी कधीच दिली नाही. ही घे माझी खरी गोष्ट. मी दोर तोडणार होते. तू मध्यावर असतानाच. तुझ्या बोलण्याचा मला राग आला होता. पूलराखणीने कुऱ्हाड खाली आणली आणि पाते जमिनीवर टेकवले.'

हात खाली आला, मित्रांनो. त्या सुखाचे वर्णन मी करणार नाही. तुम्ही आपला हात खाली घ्या आणि स्वतःच बघा.

मावशीने चाक बंद केले होते. ती पाठीमागे उभी राहून वाचत होती.

पाच वाजले. साडेपाच वाजले. सरायीतून टोमणे येतच होते. "आता रडून दाखवणार." "नऊ वर्षांचं व्याज कोण देणार?" सहाला दहा मिनिटे असताना लोहार आला. त्याने लिहिले:

'लोहार उरलेला पूल चालून आला. त्याने हातोडा खाली ठेवला नाही. तो म्हाताऱ्या बाईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मला संशय होताच. तुझा माझा हिशेब मिटलेला नाही. शत्रू पाठीवर आहे आणि दोर अजून शाबूत आहे. ती कुऱ्हाड इकडे दे.'

भाचीची बोटे शिवशिवली. 'लोहाराने तिला माफ केले', एवढे चार शब्द लिहिले असते की काम झाले असते. तिने बोटे टॅबवर आणली, मागे घेतली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ती क्षणभर बसली.

मग तिने एकच ओळ लिहिली: 'पूलराखणीने कुऱ्हाडीचे पाते स्वतःकडे वळवले आणि दांडा त्याच्यापुढे धरला.' ती पाठवली, आणि त्याच्या पाळीची वाट बघत बसली.