बनियनच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे, लोकरीचा, सगळ्या कपड्यांच्या आत घालायचा. जाकिटासारखं मला कोणी मिरवत नाही. पण कडाक्याच्या थंडीत माणसाला मीच सांभाळतो. मला थोडी बढाई मारायची सवय आहे, तेवढी चालवून घ्या.

माझी लोकर मेंढीच्या अंगावर वाढली, गिरणीत कातली गेली आणि मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या एका दुकानात येऊन बसलो. तिथून वल्लरीने मला तिच्या बाबांसाठी घेतलं. सौमित्रकाका मोटारींच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. वल्लरीला शिकारीचा भारी नाद. दर डिसेंबरात ती उत्तरेकडच्या जंगलात हरणासाठी मचाणावर बसायची. शेजारी बाबा असावेत, एवढीच तिची हौस होती.

पहिल्या वर्षी काकांनी मला घातलं खरं, पण आपल्या सुती बनियनवर. बर्फातून चालताना त्यांना घाम फुटला आणि तो सगळा बनियनने पिऊन टाकला. मचाणावर बसल्यावर तोच ओला बनियन गारठला. काकांचे दात वाजायला लागले आणि दोघं तासाभरात परतले. "आपल्या हाडांना हे झेपणार नाही," काका म्हणाले. मग माझी रवानगी कपाटात झाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी. वल्लरी एकटीच जाऊ लागली. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मात्र तिला दूर दक्षिणेकडच्या अल्फारेटा शहरात नोकरी लागली. "निघायच्या आधी एकदा येशील, बाबा?" तिने विचारलं. काका लगेच हो म्हणाले. डांबरगोळ्यांच्या वासाने जंगलातलं एकही हरीण थांबायचं नाही, म्हणून तिने मला गार पाण्यात धुऊन चांगलं वाऱ्यावर वाळवलं.

जंगलातल्या केबिनमध्ये काका कपडे चढवू लागले.

"बाबा, आधी बनियन काढ."

"अगं, बनियनशिवाय मला उघडं उघडं वाटतं."

"एवढे लेयर्स घालून?"

"लोकर टोचते गं."

"थोडा वेळ टोचेल. कॉटन ओलं झालं की लवकर ड्राय होत नाही. मग मागच्यासारखा फ्रीज होशील."

काकांनी मोठ्या जड मनाने बनियन खुंटीला लावला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या अंगाला लागलो. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! माझ्यावर जाड स्वेटर आला, त्यावर भडक नारिंगी बंडी, दुसऱ्या शिकाऱ्यांना लांबून माणूस दिसावा म्हणून. जाकीट मात्र वल्लरीने पाठपिशवीत ठेवायला लावलं, म्हणजे चालताना घाम कमी येईल आणि बसल्यावर ते बंडीच्या आत घालता येईल.

तरी घाम आलाच. तो मी टिपला, वर सोडला आणि काकांना गार लागू दिलं नाही. दोघं बसले. थर्मासमधला चहा झाला. दोन हरणं आली, पण बंदुकीच्या टप्प्याबाहेरूनच निघून गेली. दुपार कलली तरी काका जागचे हलेनात.

"बाबा, जाऊया का? माझे पाय गार पडले यार."

"पिशवीत माझे जादा मोजे आहेत, ते घाल," काका म्हणाले. "मी आज अंधार पडेपर्यंत उठणार नाही."

वल्लरी इतक्या मोठ्याने हसली, की आता हरीण जवळपास फिरकणं शक्यच नव्हतं; त्या दिवसाची शिकार तिथेच संपली. काकाही हसू लागले.

मित्रांनो, लोकरीला गरम पाण्यात बुडवू नका, पिळून दोरीवर टांगू नका आणि कपाटात विसरू नका. तिला थेट अंगाशी घ्या. हसताना काकांची छाती हलत होती आणि मी तिला अगदी चिकटून होतो.