बायजाबाईचं हसू

फोटोवरून चित्र काढण्यात पाप काही नाही. रोशनीचं सगळं पोटपाणीच त्यावर चालायचं. वाडीतल्या भाड्याच्या खोलीत बसून ती टॅबवर लोकांची चित्रं काढायची. लग्नाच्या वाढदिवसाचं जोडपं, नुकतेच निवृत्त झालेले वडील, कुणाचा लाडका कुत्रा. लोक फोटो पाठवायचे, ती बघून काढायची, आणि फोटोत सुटलेलं पोट चित्रात हळूच आत घ्यायची. त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

जयामावशींनी मात्र फोटो आणला नाही, कारण तो नव्हताच. मावशी म्हणजे रोशनीच्या आईची जुनी मैत्रीण, जन्मभर नर्स म्हणून राबून आता घरी बसलेली. त्यांची आई बायजाबाई विड्या वळायची. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतलेल्यांतली ती एक. मावशी नववीत असताना ती तापाने गेली, आणि फोटो काढायचा राहूनच गेला. विड्या वळणाऱ्या बाईचा फोटो काढणार तरी कोण?

"मी सांगीन, तू काढ," मावशी म्हणाल्या. "माह्या डोक्यात हाय ते. मी गेली का तेही जाईन."

मग मावशी रविवारी दुपारी येऊ लागल्या. खाटेवर बसून, डोळे मिटून सांगायच्या. कपाळ रुंद. डाव्या भुवईत पडल्याची खूण. हनुवटीवर गोंदण. "अन् बोलायच्या आधी माय ओठ असे दाबून घ्यायची. जसं काही बोलणं जपून वापरायचं हाय." रोशनी ऐकत ऐकत रेघा ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची. असं करत एक कच्चा चेहरा उभा राहिला. मावशींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"हाय वं काहीतरी," त्या म्हणाल्या. "पण अजून बोलून नाही राहिली."

खरं तर पुन्हा बसायला हवं होतं. पण बायजाबाईचा स्मृतिदिन जवळ आला होता, सगळा गोतावळा जमणार होता, आणि रोशनीला त्या चेहऱ्याचा कंटाळा आला होता. हो, कंटाळाच. पुढे तिने स्वतःला पुष्कळ कारणं दिली, पण मूळ दुखणं एवढंच होतं.

अशात मोबाईल चाळताना तिला एक फोटो दिसला. कुठल्याशा दूरच्या बाजारात टोपलीभर बोरं घेऊन बसलेली बाई, मोकळं, अगदी डोळ्यांपर्यंत हसणारी. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं नाव. कपाळ रुंद होतं. रोशनीने तो फोटो घेतला, आपल्या कच्च्या चेहऱ्यावर ठेवला आणि वरून गिरवत गेली. त्या बाईच्या नाकातली नथ काढून टाकली, रंगीत ओढणीचा पांढरा पदर केला, भुवईत खूण घातली, हनुवटीवर गोंदण. मग खालचा फोटो पुसून टाकला. बघून काढणं वेगळं आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलून आपल्या ताटात वाढणं वेगळं. हा फरक तिला पक्का ठाऊक होता, म्हणून तर पुसताना तिने एकदा दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

चित्र पाहून मावशी रडल्या. "मायले हसताना मीनं कधी पाहिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण हसली असन कधीतरी, नाही का? तुह्या हातानं हसली."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण रोशनी गप्प बसली, आणि वर ते चित्र इंटरनेटवर टाकून खाली लिहिलं की एकही फोटो नव्हता, लेकीच्या आठवणीतून आई उतरली. लोकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती खुशाल चढली.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी मावशींचा भाचा धम्मानंद याचा फोन आला. "ताई, चित्र बनतानाचा व्हिडिओ असते ना तुमच्याजवळ? टीव्हीवर लावू. आजी कशी कशी बनत गेली ते लेकराइले दिसन."

असा व्हिडिओ टॅबमध्ये आपोआप तयार व्हायचा, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, भरभर पळणारा. रोशनीने त्याचा शेवट तेवढा पाहिला. पदरावर पांढरा रंग चढत होता, झकास दिसत होतं. तिने पाठवून दिला. बाहेरून घेतलेला फोटो व्हिडिओत येऊ नये अशी सोय त्या ॲपमध्ये होती. पण आजवर तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे लपवायची सवयही नव्हती. फोटो पुसला म्हणजे गेला, असंच ती धरून चालली.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी वंदना झाली. चित्रासमोर मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहिली गेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले. धम्मानंदने रोशनीच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. मग त्याने टीव्ही लावला.

पांढऱ्या पडद्यावर रेघा उमटल्या, पुसल्या, पुन्हा उमटल्या. ओठ दाबून बसलेला एक कच्चा चेहरा आला. आणि पुढच्या क्षणी सगळा पडदा भरून ती बाई हसली. नथ, ओढणी, बोरांची टोपली, कोपऱ्यातलं नाव, सगळ्यासकट.

"हे कोण हाय?" एका पोरीने विचारलं.

व्हिडिओ पुढे पळतच होता. सगळ्यांच्या देखत नथ गेली, टोपली गेली, ओढणी पांढरी झाली, नाव पुसलं गेलं, आणि भिंतीवरची बायजाबाई तयार झाली. रोशनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खांद्यावरची शाल काढून ठेवावी तर सगळे बघतील, ठेवावी तर ती अंगाला टोचत होती.

"ताई, कोणाचा फोटो हाय हा?" धम्मानंदने विचारलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला फक्त कळत नव्हतं.

"मले नाव नाही माहीत," रोशनी म्हणाली. ज्या बाईपुढे आत्ता सगळ्यांनी हात जोडले, तिचं नाव शोधायची तसदीसुद्धा तिने घेतली नव्हती.

जयामावशी उठल्या. "धम्मा, सुरुवातीचं लाव. अन् मी सांगीन तिथं थांबव."

कच्चा चेहरा आला तसं त्यांनी थांबवायला लावलं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्या उभ्या राहिल्या. रोशनीच्या जिवात जीव आला. ते तरी तिचं होतं, मावशींच्या तोंडून ऐकून काढलेलं.

"मावशी, चुकलं माहं," ती म्हणाली. "मी हेच पुरं करून देईन. आपण पुन्हा बसू. तुम्ही सांगा, मी ऐकीन."

मावशींनी रविवारी मिटायच्या तसे डोळे मिटले. खोलीतले सगळे वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा त्या कच्च्या रेघांकडे पाहिलं.

"हेच होती काय वं माही माय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "मले आता समजूनच नाही राहिलं. रोज उठून तुह्या चित्रापुढं बसली मी. आता डोळे मिटले का ते बोरंवाली हसते."

मावशी टीव्हीपासून रोशनीकडे वळल्या.

"तूनं तं ऐकलं होतं ना सारं," मावशी म्हणाल्या. "मंग तूच सांग. कशी होती माही माय?"

रोशनीने आठवायला डोळे मिटले. तिलाही बोरंवालीच दिसली.