पुस्तकातल्या झिलासाठी नारळ

माझ्या ठरत आलेल्या लग्नात विघ्न आलं ते कधी जन्मालाच न आलेल्या एका झिलामुळे, म्हणजे पोरामुळे, आणि ते आणलं माझ्या सख्ख्या आईनं. तिला विचारा, ती आजही म्हणेल, "मी काय वायट केलंय? नारळच दिलंय मां?"

सर्वेश मला बघायला आला ती दोन हजार नऊची गोष्ट. तो कुडाळचा, तिथल्याच एमआयडीसीत कामाला. आमचं घर मालवणात, अगदी किनाऱ्याला. बाबांची होडी, आई, म्हणजे बाजारातली सुभद्राबाई, मासे विकते, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, झेरॉक्सच्या दुकानात उभी. पोहे खाऊन झाल्यावर मोठ्यांनी आम्हाला मागच्या पडवीत धाडलं. मला वाटलं, आता हा विचारणार, स्वयंपाक येतो का. तर म्हणतो, "वाचूक आवाडता?" मी म्हटलं, आवडता, पण हयसर इंग्रजी पुस्तका मिळाक होयीत मां? पुढच्याच आठवड्यात कुडाळ-मालवण एसटीच्या कंडक्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. तीन भागांच्या मालिकेतला पहिला भाग, पणजीहून आणलेला. मागोमाग मोबाईलवर मेसेज आला, त्याच्या बाबांना कळू देऊ नको, सुपारी फुटायच्या आधी असलं काही त्यांना खपत नाही. मला ते किती गोड वाटलं म्हणून सांगू! चोरून पुस्तक पाठवणारा नवरा मिळणार होता मला.

पुस्तक एका शहराचं होतं. शहराभोवती उंच भिंत, भिंतीपलीकडे समुद्र, आणि सरकार लोकांना सांगतं की समुद्र कधीच आटून गेला. जो कोणी लाटांचा आवाज ऐकला म्हणेल, त्याला उचलून नेतात. त्या भिंतीची डागडुजी करणारा ओरेन नावाचा पोरगा, आणि भिंतीला आलेली ओल मोजणारी निस्सा. एके दिवशी त्याला विटेवर मीठ सापडतं. तो तिला चाखायला देतो, आणि तिथून सगळं सुरू होतं. अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी लिहिलेलं पुस्तक, मी तेवीस वर्षांची घोडी, पण दुकानात काउंटरखाली धरून वाचायचे. एकदा एका मास्तरांना जिवापाड जपून आणलेली मार्कलिस्ट उलटीच झेरॉक्स करून दिली.

पावसाळ्याचे दिवस, मासेमारी बंद, आईला संध्याकाळी काम कमी. एकदा तिनं विचारलं, "काय गो त्या पुस्तकात एवढा?" मी पहिलं प्रकरण मालवणीत सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून सुकी मच्छी निवडायला सूप घेऊन ती माझ्यासमोर हजर. ऐकायची कमी आणि भांडायची जास्त.

"भित्तीआड दर्यो लपता काय? वास येतलो मां!"

"सरकारान वास मारूक औषध मारल्यान."

"मेलो सरकार," आई म्हणायची, आणि सुपातली सुकट जोरात पाखडायची.

निस्सा तिला आवडत नसे. शिष्ट आहे म्हणायची. ओरेनवर मात्र भारी जीव. तापलेल्या लोखंडी दाराला धरून निस्साला बाहेर काढताना त्याचा डावा हात भाजतो, ते वाचलं त्या दिवशी आई चक्क उठून न्हाणीघरात गेली आणि डोळे धुऊन आली. सर्वेशला मी हे सगळं मेसेजमध्ये कळवायचे. तो पोट धरून हसायचा म्हणे. दुसरा भाग त्यानं आईसाठीच लवकर पाठवला.

दुसऱ्या भागाच्या शेवटी ओरेन भिंत ओलांडतो, एकटाच मोडक्या होडीत बसतो आणि पलीकडची माणसं आणायला निघतो. होडीला शीड नाही, वल्हं एकच. मोठी लाट येते, आणि पान संपतं. पुस्तकही संपतं. तिसरा भाग अजून छापायचाच होता.

मी दोन दिवस धड जेवले नाही. ओरेनसाठी थोडं, आणि खरं सांगायचं तर सर्वेशसाठीही. सुपारीची तारीख गणपतीनंतरची धरली होती, आणि मला उगाचच काहीतरी होईल अशी धाकधूक लागली होती. आईनं माझं ताट बघितलं आणि ती काय समजायचं ते समजली. तिची स्वतःचीही झोप उडाली होती. "त्या लाटेत एका वल्ह्यान कोण वाचतलो गो?" चुलीशी बसून पुन्हा पुन्हा हेच.

होड्या पुन्हा पाण्यात घालायच्या आधी आमच्या वाडीचं देवळात गाऱ्हाणं असतं. प्रत्येक घराचा नारळ, आणि बाबू गुरव प्रत्येक घराचं मागणं मोठ्यांदा देवापुढे मांडतो. कोणाच्या इंजिनासाठी, कोणाच्या पोटदुखीसाठी. सभामंडप भरलेला. आमचा नारळ आला तसा बाबू गुरवानं घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो काशीरामाच्या घरचो नारळ तुझ्या पायार ठेवलेलो आसा. त्येच्या योगिनीचो जीव ज्या झिलात गुतलेलो आसा, तो झील एकटोच होडी घेवन दर्यात गेलेलो आसा. होडयेक शीड नाय, वल्हां एकच. डाव्या हातार भाजल्याची खूण आसा. त्येका सुखरूप काठाक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. आणि मग सगळी वाडी माझ्याकडे वळली.

धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. आई शेजारी हात जोडून, डोळे मिटून, मोठ्या समाधानात. घरी आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "आये, तो पुस्तकातलो आसा! पुस्तकातल्यासाठी नारळ देतत?"

"मगे? देव काय पुस्तकात नाय?" ती म्हणाली. "तू जेवक नाय होतंस. मी बाबूक सांगलंय, चेडवाचो जीव त्या झिलात आसा. इंग्रजी नाव माका सांगूक येय ना, म्हणान खूण सांगलंय. देवाक वळखूक नको?"

कपाळ!

शेजारच्या यमुनाबाईनं दुसऱ्या दिवशी बाजारात हिशेब मांडला. मासेमारी बंद असताना दर्यात गेला, म्हणजे पोरगा चोरटा धंदा करणारा असणार. योगिनीचं त्याच्याशी असणार. आणि हिला कुडाळच्या भल्या घरात द्यायला निघाले! बाजारातली गोष्ट एसटीपेक्षा आधी कुडाळला पोचते. आई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटली की तो पुस्तकातला आहे हो. जेवढं सांगेल तेवढे लोक हसत. सुभद्राबाई लेकीचं झाकतात, म्हणत. पुस्तकच दाखवावं तर ते कोणी धाडलं हेही सांगावं लागलं असतं, आणि सर्वेशनं तर बजावलं होतं.

आणि सर्वेशचे मेसेज बंद झाले.

सुरुवातीला मला वाटलं, बॅलन्स संपला असेल. मग वाटलं, रेंज नसेल. कुडाळात रेंज नाही, ही थाप मी स्वतःच स्वतःला मारत होते. दुकानात मशीनचा दिवा लागला तरी मला मोबाईल उजळल्यासारखा वाटायचा. मीच मेसेज केला, ऐकलंस का आईचा पराक्रम? उत्तर नाही. मिस्ड कॉल दिला, तरी नाही. मला तो हवा होता हो. माझ्या आईच्या रडण्यावर हसणारा आणि तिच्यासाठी पुस्तक लवकर पाठवणारा माणूस मला परत कुठे मिळणार होता? मला एकच धीर होता. जगातल्या सगळ्यांना शंका आली तरी त्याला येणार नाही. तो हात कोणाचा भाजलाय हे त्याला ठाऊक आहे.

गणपती आले, गेले. मग सर्वेशचे वडील सत्यवानराव यांचा निरोप आला. कचेरीत हेडक्लार्क, बोलणं मोजून मापून. "आमचा तुमच्यावर अविश्वास नाही. पण लोकांची तोंडं बंद व्हायला हवीत. तुमच्याच देवाला कौल लावू. मुलीचं मन दुसरीकडे कुठे नाही, असं देवानं उजवा कौल देऊन सांगितलं, तर तिथंच सुपारी फोडू."

बाबांचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे कौलाबाहेर काही होत नाही. होडी घ्यायची कौल, घर बांधायचं कौल. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होडीचं ठीक आहे. पण माझं मन कुठे आहे ते मला सोडून पाकळीला विचारणार? आणि डावी पडली तर? तर जन्मभर मी दर्यात गेलेल्या पोराची बायको. मला राग येत होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. आई तर त्या दिवसांत माझ्याकडे बघायचीच नाही.

कौलाच्या सकाळी देवळामागच्या विहिरीवर पाय धुवायला गेले तर सर्वेश एकटाच उभा. वाळल्यासारखा दिसत होता. माझा राग क्षणात विरघळला. म्हटलं, बिचाऱ्यावर काय काय गुदरलं असेल.

"तुका ठावक होता मां, तो कोण तां?" मी विचारलं.

"हाताची खूण आयकलंय तेव्हाच," तो म्हणाला, आणि अगदी थोडं हसला. "आये तुजी म्हणजे..."

"मगे बाबांका कित्या नाय सांगलंस?"

त्यानं देवळाकडे बघितलं. "सांगलंय आसतंय तर पुस्तका कोणी धाडल्यान, तां इचारले असते. तुका म्हायत नाय त्येंचो राग. आता कौल उजवो पडलो काय सगळा मिटतला. उगाच कित्या वाढवा?"

"आणि डावो पडलो तर?"

त्यानं एक खडा उचलून विहिरीत टाकला.

"बगूया," म्हणाला.

सभामंडपात मी आईशेजारी बसले. बाबू गुरवानं पाकळ्या लावल्या, प्रश्न मांडला. सगळ्यांच्या नजरा देवावर. माझी सर्वेशवर. तो हात जोडून, मान वर करून पाकळीकडे बघत होता. ओठ हलत होते. जे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं, ते देवानं सांगावं म्हणून तो देवाची विनवणी करत होता. पाकळी पडेना. कोणीतरी खोकलं. यमुनाबाई मान उंच करून बघत होती. आणि एवढं होऊनही मी मनात म्हणत होते, बोल रे, आता तरी बोल. अजून वेळ आहे.

उजवी पाकळी पडली.

"उजवो! उजवो कौल!" बाबू गुरव ओरडला. बाबांनी डोळे पुसले. आई मोठ्यांदा रडली. सत्यवानराव हसत उठले, बाबांच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "चला, देवानंच सांगितलं. आता सुपारी आणा." सर्वेशनं माझ्याकडे बघितलं. चेहरा कसा उजळला होता! परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरवर पास झालेल्या पोरासारखा.

मी उभी राहिले.

"देवाचो कौल उजवो," मी म्हटलं. "माझो डावो."

"गो योगिनी!" बाबांचा आवाज चिरकला. "येड लागला काय तुका?"

"माझा मन दुसरीकडे खंयच नाय, देवान सांगल्यान तां खराच. पण ह्येका तां पयल्यापासून ठावक होता. माका ह्येच्याशी लगीन करूचा नाय."

सत्यवानराव एकदा माझ्याकडे, एकदा मुलाकडे बघायला लागले. "काय ठाऊक होतं? सर्वेश, काय म्हणते ही?" मी थांबले नाही. आई माझ्या मागोमाग उठली, तिनं माझा पदर पकडला नाही की मला मागे ओढलं नाही. दोघी पायऱ्या उतरत होतो तेव्हा मागून सर्वेशचा आवाज आला.

"बाबा, ती पुस्तका मीच धाडलंय! तो झील पुस्तकातलो आसा!"

मोठा, खणखणीत आवाज. सगळ्या वाडीला ऐकू गेला असेल. इतका मोठा आवाज त्याला आहे हे मला तेव्हाच कळलं. मी रडत होते, पण पायऱ्या उतरत राहिले.