मास्तरांचा खांदा आणि मी

मी एक काठी आहे, वेताची, मास्तरांच्या हनुवटीपर्यंत येणारी. काठी म्हटलं की लोकांना एक तर कुत्रं हाकलणं आठवतं, नाही तर म्हातारपण. माझं तसं नाही. मी लढाई शिकवणारी काठी आहे, आणि थोडीफार टेंगळं सोडली तर मी आयुष्यात कुणाला इजा केलेली नाही. आज बोलायला बसलेय, कारण गेल्या काही महिन्यांत जे पाहिलं ते पोटात ठेवणं मला जमत नाही.

माझा जन्म वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका कारागिराकडचा. माझ्या सगळ्या बहिणींच्या खुर्च्या झाल्या. कुणाकुणाचं वजन सोसत असतील बिचाऱ्या! मला मात्र मास्तरांच्या आत्याने वेगळं काढलं. तिने मला अंगठ्याने दाबलं, फरशीवर ठोकून आवाज ऐकला आणि कारागिराला म्हणाली, "हिला सरळ करून द्या. भाच्यासाठी हवीय." मग त्याने मला शेगडीवर तापवून गुडघ्याखाली दाबलं आणि वर तेल पाजलं. तेव्हा मी पुष्कळ कुरकुरले.

आत्याची विद्या तिच्या वडिलांकडून आलेली, त्यांची त्यांच्या काकांकडून. कुठे लिहून ठेवलेलं नाही. समोरच्याचं अंग बघायचं आणि आपलं तसं करायचं, झालं शिकणं. छापखान्याच्या वरच्या लांबलचक खोलीत पहाटे सराव चाले. खाली यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची, तोवर सगळं आटपायचं. मास्तर त्याच छापखान्यात पुस्तकं बांधायचे. सरावानंतर घाम पुसून जिना उतरले की कामावर हजर.

सगळ्या चालींत माझी लाडकी चाल म्हणजे छत्री. वरून वार येतो तेव्हा काठी डोक्यावर आडवी फिरवून तो झेलायचा. आत्या मला अशी फिरवायची की वारा सूं म्हणायचा. पुढे मास्तरही तशीच फिरवू लागले आणि आत्या निश्चिंत मनाने गेली. मास्तरांची लेक तेव्हा एवढीशी होती. खिडकीत पाय हलवत बसायची आणि बाबांकडे डोळे मोठे करून बघायची.

मग एकदा छापखान्यात शिडीवरून कागदाचा गठ्ठा उतरवताना तो मास्तरांच्या उजव्या खांद्यावर घसरला. घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला हातात घेऊन उभे! पण छत्रीच्या वेळी मी कानाच्या वर जाईना. त्यांनी दात आवळले, मान खाली घातली आणि मला तसंच बाजूने काढलं. हळूहळू ते त्यांच्या अंगवळणी पडलं. इतकं, की चाल मुळात कशी होती तेच ते विसरून गेले.

आणि शिष्य? ते डोळ्यांत तेल घालून मास्तरांचं अंग बघायचे ना! सगळ्यांनी मान खाली घातली, सगळ्यांनी काठी बाजूने काढली. एक दातांचे डॉक्टर शिकायला यायचे, हुशार माणूस. ते नव्या मुलांना समजावून सांगत, "इथे मान झुकते, ती समोरच्याला मान देण्यासाठी. खोल अर्थ आहे यात." मी खुंटीवरून ऐकायचे आणि माझ्या कपाळाला हात लावता येत नाही म्हणून गप्प बसायचे.

लेक मोठी होऊन रांगेत उभी राहिली. तिने मात्र मला थेट डोक्यावर नेलं.

"मान खाली घाल," मास्तर म्हणाले.

"पण बाबा, अशाने डोकं उघडं पडतं. तुम्हीच आधी वरून न्यायचात. मी बघितलंय."

"शिकवतंय कोण, तू की मी?"

सगळ्यांसमोर म्हणाले. पोरीने मला खुंटीला लावलं, चपला घातल्या आणि गेली. नंतर ती त्या खोलीत आली नाही. घरात बापलेकीचं छान चालायचं, थट्टामस्करी व्हायची, पण काठीचा विषय निघाला की दोघांनाही काहीतरी काम आठवायचं. मास्तर मला घरी आणत तेव्हा मी पाहिलंय, ती गच्चीवर झाडूच्या दांड्याने छत्री फिरवायची. कुणी आलं की लगेच झाडायला लागायची. मला फार वाईट वाटायचं. झाडूचा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू!

वर्षं गेली. लेक शाळेत शिकवू लागली. मास्तरांचे केस पांढरे झाले आणि एका थंडीत त्यांचा खांदा पुरता धरला. सदऱ्याची बाही चढेना. सराव दातांच्या डॉक्टरांच्या गळ्यात पडला आणि मास्तर घरी खिडकीशी बसून राहू लागले. खांद्याचा व्यायाम शिकवायला एक तरुण बाई येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आजोबा, घरात एखादी काठी मिळेल का?"

लेकीला इतकं हसू आलं की हातातला पाण्याचा पेला हिंदकळला. मास्तरही हसले. मग मी आले.

मला दोन्ही हातांत आडवं धरायचं आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर ढकलायचं, एवढाच तो व्यायाम. मी कुणाकुणाचे वार झेललेत, पण त्या म्हाताऱ्या हाताचं थरथरणं झेलताना मला रडू यायचं. छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत, मग नाकापर्यंत. लेक समोर स्टुलावर बसून म्हणायची, "अजून थोडं. शाबास." शाळेतल्या मुलांना म्हणावं तसं.

आणि एका सकाळी मी त्यांच्या डोक्याच्या वर गेले. तिथे पोचताच मास्तरांचं मनगट आपोआप वळलं. त्यांनी वळवलं नाही, ते वळलं. मास्तर थबकले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आत्या इथूनच न्यायची."

लेक स्टुलावरून उठून जवळ आली.

"तू तेव्हा हेच सांगत होतीस?"

"हो."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चिडायचात बाबा. आणि मला तुमच्याशी भांडायचं नव्हतं."

मास्तरांनी मला मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "उद्या पहाटे मला छापखान्यावरच्या खोलीत घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी खोलीत सगळे रांगेत उभे होते. मास्तर लेकीचा हात धरून जिना चढले. म्हणाले, "छत्री म्हणून इतकी वर्षं मी तुम्हाला माझा दुखरा खांदा शिकवला. खरी छत्री हिला येते. आता हिच्याकडून शिका."

डॉक्टर गोंधळले. "मग मास्तर, ती मान झुकवणं?"

"कळ यायची रे बाबा!"

आधी कुणी हसायचं धाडस केलं नाही. डॉक्टरच पहिल्यांदा हसले, मग सगळी खोली हसली. लेकीने मला हातात घेतलं. तिने मला डोक्यावर नेलं, आणि कितीतरी वर्षांनी वारा सूं म्हणाला.

मग मास्तर शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले, शिकायला! लेक एकेकाचं कोपर नीट करत त्यांच्यापर्यंत आली. तिने मला त्यांच्या हातात दिलं आणि खालून अलगद आधार देत वर नेऊ लागली. अर्ध्यावर त्यांचे ओठ आवळले गेले. तिने ते पाहिलं.

"बाबा, दुखतंय?"

खोलीत सगळे ऐकत होते. मास्तरांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"दुखतंय गं," ते म्हणाले. "खूप दुखतंय."

तिने मला लगेच खाली घेतलं आणि त्यांना खिडकीशी बसवलं.

आता माझ्या एका टोकाला चीर गेलीय. लेकीने तिथे दोरा गुंडाळलाय. वार झेलायला नव्या काठ्या आल्यात, माझ्याकडे फक्त मास्तरांचा व्यायाम. मी सुखात आहे, माझी काळजी नको. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कुणी काही वाकडं करताना दिसलं तर चूक जरूर दाखवा, न घाबरता दाखवा. पण आधी जवळ जा आणि विचारा, कुठे दुखतंय का.